कॅज्युअल्टीच्या दारात एक टेबल टाका

प्रति,
मा. सचिव,
जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, सोलापूर

प्रत माहितीसाठी : मा. जिल्हाधिकारी, मा. महापालिका आयुक्त, मा. पोलीस आयुक्त आणि मा. पोलीस अधीक्षक (ग्रामीण), सोलापूर

विषय : अपघातात जखमी झालेल्यांना भरपाईचा मार्ग दवाखान्यातच सांगण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

माझं झेरॉक्सचं दुकान आहे. शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यासमोरच्या गल्लीत, चहाची गाडी आणि मेडिकल यांच्या मधोमध, आठ बाय दहाचं. गेली एकोणीस वर्षं लोकांचे कागद काचेवर पालथे घालतोय. गिऱ्हाइकाचे कागद वाचायचे नाहीत असा या धंद्यातला रिवाज आहे, पण डोळे मिटून झेरॉक्स काढता येत नाही. त्यामुळे आधार कार्ड, डिस्चार्ज कार्ड, एमएलसीची (पोलीस केस असल्याची दवाखान्यातली) नोंद, एफआयआर, पंचनामा, कुणाच्या कोपराचा एक्स-रे रिपोर्ट, असं सगळं नजरेखालून जातं. कुणाकडे कुठला कागद नाही, हेही मला त्याच्याआधी कळतं.

वकील मी नाही. बारावीनंतर कॉलेजचं तोंड पाहिलं नाही. कायद्याचं जे थोडंफार कळतं ते वकिलांनी झेरॉक्सला दिलेल्या निकालपत्रांतून कळलेलं आहे. एका निकालाच्या सहा प्रती काढायच्या तर पानं जुळवताना दोन ओळी वाचल्याच जातात. माझ्या मागणीत चूक दिसली तर ती माझी समजा, पण मागणी बाजूला टाकू नका.

गेल्या उन्हाळ्यात एक बाई दुकानात आल्या. वय अडतीस. पूर्व भागात राहतात आणि शाळेचे गणवेश शिवतात. सोलापूरचे गणवेश किती लांब लांब जातात ते तुम्हाला सांगायला नको. नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून रात्री गावाहून येत होत्या. उसाच्या ट्रॅक्टरने हात न दाखवता वळण घेतलं आणि मागच्या ट्रॉलीने दोघांना लोळवलं. ट्रॉलीला मागे ना दिवा, ना लाल पट्टी. नवऱ्याला खरचटलं. बाईंचं उजवं मनगट मोडलं, आत पट्टी बसवली. हाड सांधलं, पण मनगट वळायचं थांबलं. मशिनीच्या सुईखाली कापड सरकवताना मनगट किती वेळा वळतं, हे शिवणाऱ्यालाच ठाऊक.

अपघाताला तेव्हा पाच महिने उलटून वर काही दिवस झाले होते. त्या आल्या होत्या अपंगत्वाच्या दाखल्याची झेरॉक्स काढायला, त्यावर २२ टक्के लिहिलेलं. एक्स-रेच्या मोठ्या पाकिटातून कागद काढताना त्यातून एक घडी घातलेला कागद खाली पडला. पोलिसांनी दिलेला. फॉर्म क्रमांक दोन.

हा फॉर्म काय असतो ते तुम्ही जाणता, पण पत्र खुलं आहे म्हणून बाकीच्यांसाठी सांगतो. १ एप्रिल २०२२ पासून मोटार अपघाताच्या तपासाचे नवे नियम लागू आहेत. तपासी अधिकाऱ्याने ४८ तासांत पहिला अपघात अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे पाठवायचा, ५० दिवसांत अंतरिम आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल द्यायचा, आणि अपघातग्रस्ताला त्याचे हक्क सांगणारा हा फॉर्म दहा दिवसांच्या आत हातात द्यायचा. सविस्तर अहवाल हाच भरपाईचा अर्ज धरावा, अशीही कायद्यात सोय आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये ही सगळी साखळी नीट राबवा म्हणून राज्यांना बजावलं होतं.

म्हणजे पोलिसांनी त्यांचं काम केलं होतं. कागद बाईंपर्यंत पोचला होता. इंग्रजीत होता, घडी घातली, पाकिटात ठेवला. "बिल असंल म्हणून ठिवलं," त्या म्हणाल्या.

मी त्यांना विचारलं, दावा लावला का? कसला दावा, त्यांनी विचारलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली भरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करायचा असतो. पूर्वी अशी मुदत नव्हती, म्हणजे १९९४ ला काढून टाकली होती, ती २०१९ च्या दुरुस्तीने परत आली आणि एप्रिल २०२२ पासून लागू झाली. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलंय आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश दिला की, निकाल लागेपर्यंत मुदत उलटली एवढ्याच कारणावर अर्ज फेटाळू नका. पण अंतरिम तो अंतरिम. उद्या काय होईल कुणी सांगावं? आणि ज्या दिवशी बाई माझ्या काउंटरसमोर उभ्या होत्या त्या दिवशी तो आदेशही नव्हता, हातात होते एकोणीस दिवस.

मी विचारलं, महिन्याला किती मिळायचे? म्हणाल्या, "हंगामात बारा हजार पडायचे, कधी जास्त." पुरावा? पगारपत्रक कुठून येणार? मग त्यांनी पिशवीतून शंभर पानी वही काढली. मुलीची जुनी गणिताची वही, उलट्या बाजूने सुरू केलेली. तारीख, माल, डझन, दर. "हाफ शर्ट ६ डझन. चड्डी ८ डझन. पिनो ४ डझन." शनिवारी बेरीज, बेरजेखाली कारखानदाराच्या माणसाची छोटी सही. पानामागून पान तसंच. शेवटी एका बुधवारी फक्त "चड्डी ३ डझन" आणि पुढे कोरं.

त्या वहीची ६४ पानं झाली झेरॉक्सला. मी प्रत्येक पान दोनदा काढलं, कारण काही ठिकाणी पेन्सिल होती आणि पुसट येत होती.

ही वही किती मोलाची आहे ते आकड्यात सांगतो. महिना १२,००० म्हणजे वर्षाला १,४४,०००. वय चाळिशीच्या आत, म्हणून पुढच्या वाढीचे ४० टक्के धरायचे. हे २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाच्या निकालात आहे. झाले २,०१,६००. छत्तीस ते चाळीस वयाला गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला गुणायचा आकडा, १५. हा तक्ता २००९ च्या निकालातला. गुणाकार ३०,२४,०००. त्याचे २२ टक्के ६,६५,२८०. वर औषधपाणी, वेदना, बुडालेली मजुरी वेगळी. वही नसती तर न्यायाधिकरणाला अंदाजाने उत्पन्न धरावं लागलं असतं. ते आठ हजार धरलं असतं तर पावणेपाच लाखांच्याही खाली आलो असतो.

आणि २२ टक्के हाही शेवटचा शब्द नव्हे. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलंय की डॉक्टरांनी लिहिलेलं अपंगत्व वेगळं आणि कमाईची ताकद किती गेली ते वेगळं. तिथं उदाहरणच दिलंय : डावा हात गेला तर सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाई जवळपास पूर्ण जाते, कार्यालयातल्या कारकुनाची तेवढी जात नाही. शिवणाऱ्या बाईचं उजवं मनगट कुठल्या रांगेत बसवायचं, हे न्यायाधीश ठरवतील. पण ते त्यांच्यासमोर मांडणारा माणूस पाहिजे. आणखी एक. त्या मागे बसल्या होत्या. नवऱ्याची थोडी चूक होती असं विमा कंपनीने म्हटलं तरी मागे बसलेल्या माणसाला सगळी भरपाई ट्रॅक्टरच्या बाजूकडून मागता येते. दोन वाहनांनी आपसातला हिशेब नंतर करायचा.

यातलं बाईंना काहीही माहीत नव्हतं. त्यांना एकच माहीत होतं. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी एक पांढऱ्या शर्टातला माणूस आला होता, त्याने दोन कागदांवर सह्या घेतल्या होत्या आणि "दीड लाखाचं बघतो, निम्मे माझे" म्हणाला होता. मग फोन उचलेना. त्यांचा दावा आता न्यायाधिकरणात आहे, मुदतीत लागलाय, तुमच्याच प्राधिकरणाने दिलेल्या वकील बाई तो चालवताहेत. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार एवढीच की बाई तुमच्यापर्यंत पोचल्या त्या कागद पाकिटातून खाली पडला म्हणून.

पांढऱ्या शर्टाबद्दल बोलायलाच हवं. मी ते लिहू नये असं माझ्या बायकोचं मत आहे, कारण ही मंडळी माझी रोजची गिऱ्हाइकं आहेत. कोऱ्या वकीलपत्रांच्या पन्नास-पन्नास प्रती नेतात, उधारी ठेवत नाहीत. कोण पेशंट कुठल्या वॉर्डात आला हे त्यांना नातेवाइकांच्या आधी कळतं. त्यांच्यातल्या एकाने मला हिशेब समजावून सांगितला होता : तीस टक्के, चाळीस टक्के, बाई एकटी असेल तर निम्मे. आता बार कौन्सिलच्या नियमात साफ लिहिलंय की निकालावर अवलंबून असलेली फी वकिलाने ठरवायची नाही, रकमेत वाटा मागायचा नाही. पण पांढरा शर्ट वकील नसतो. तो मधला असतो. आणि खरं सांगू, वाईटातला वाईट तोही नाही. कारण दवाखान्याच्या त्या बाकड्यावर, रात्री अकरा वाजता, "तुम्हाला पैसे मिळू शकतात" हे वाक्य बोलणारा तोच एकटा असतो. ती जागा तुम्ही घ्या, एवढंच माझं मागणं आहे.

मी एवढ्या पोटतिडकीने का लिहितोय, त्याचं कारण घरात आहे.

माझा धाकटा भाऊ एका छोट्या कारखान्यात टॉवेलचे माग चालवायचा. आठ माग, चार माणसं, पत्र्याची शेड. कारखान्याचं नाव मी घेणार नाही, तो आता बंदही झालाय. २०१६ चा पावसाळा. रात्रपाळी. चालू मागात अडकलेला धागा काढायला हात घातला आणि उजव्या हाताची दोन बोटं गेली. पुढची आणि मधली. मालक वाईट नव्हता. रिक्षा केली, दवाखान्याचं पहिलं बिल भरलं, पंधरा दिवसांनी घरी येऊन वीस हजार रुपये आईच्या हातात दिले. शंभराच्या स्टॅम्पवर लिहून घेतलं की माझी आता काही तक्रार नाही, पुढे काही मागणार नाही. त्या स्टॅम्पची झेरॉक्स मीच काढली. माझ्याच मशिनीवर. दोन प्रती.

भाऊ तेव्हा तीस वर्षांचा, पगार नऊ हजार. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्यात त्या वेळी मजुरीची मर्यादा ८,००० होती. त्याचे ६० टक्के ४,८००. तिशीचा आकडा कायद्याच्या तक्त्यात २०७.९८. गुणाकार ९,९८,३०४. एका हाताची दोन बोटं गेली की परिशिष्टात २० टक्के. म्हणजे १ लाख ९९ हजार ६६० रुपये, शिवाय उपचाराचा खरा खर्च वेगळा. महिन्यात दिले नाहीत तर १२ टक्के व्याज आणि दंड निराळा. चूक कामगाराची होती का, याचीही सहसा विचारणा नाही; काम करताना झालं, एवढं पुरे. कारखाना किती लहान आहे यानेही फरक पडत नव्हता, वीज वापरून माल बनतो म्हटलं की कायदा लागू. आणि तो स्टॅम्प? हक्क सोडून दिल्याचा असा करार त्याच कायद्याच्या कलम १७ ने रद्दबातल. कागदाला किंमत शून्य.

हे मला कळलं २०२१ मध्ये, दुसऱ्याच कुणाचा दावा झेरॉक्स करताना. मुदत होती दोन वर्षांची. उशीर माफ करायचा अधिकार कर्मचारी भरपाई आयुक्तांना असतो, पण पाच वर्षं कशी माफ करून घ्यायची आणि मालकाचा कारखानाच राहिलेला नसताना ते वसूल कसे करायचे, हे मला कुणी सांगू शकलं नाही. भाऊ आता एटीएमवर वॉचमन आहे. स्टॅम्पची माझी प्रत अजून ड्रॉवरमध्ये आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून तो जुना कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय. कारखान्याला कामगार राज्य विमा (ईएसआय) लागू असेल तर कामगाराने विम्याकडूनच लाभ घ्यायचा, ही वाट आधीही होती, आताही आहे. पण आपल्याकडचे कितीतरी माग आणि शिलाईची घरं त्या विम्याच्या बाहेर आहेत. कामावर जाता-येतानाचा अपघात कामाशी जोडता आला तर तो कामावरचाच धरायचा, असंही संहितेत आहे. शेजारच्या धाराशिवकडचा एक साखर कारखान्याचा रखवालदार २००३ साली पहाटे तीनच्या पाळीला मोटारसायकलवर निघाला आणि कारखान्याच्या वाटेवरच अपघातात गेला. त्याच्या घरच्यांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला जुलै २०२५ मध्ये. बावीस वर्षं गेली.

मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला आग लागली, आठ जीव गेले. सगळा महाराष्ट्र सोलापूरकडे बघत होता, मंत्री आले, मदत जाहीर झाली. दोन बोटं जातात तेव्हा कुणी येत नाही. बोटं मात्र वर्षभर जात असतात.

मोटार आणि माग सोडून बाकीच्या वाटा लोकांना आणखी कमी माहीत आहेत. धडक देऊन वाहन पळून गेलं की लोक समजतात संपलं सगळं. तसं नाही, मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार केंद्राच्या योजनेतून मिळतात, त्याचा अर्ज तहसीलदार किंवा प्रांत यांच्याकडे करायचा, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची. हाड मोडणं हीसुद्धा कायद्याने गंभीर दुखापतच, हे निम्म्या लोकांना ठाऊक नसतं. ही योजना लोकांपर्यंत जातच नाही असं सर्वोच्च न्यायालयालाच जानेवारी २०२४ मध्ये म्हणावं लागलं, आणि महिन्याभरात वाहन सापडलं नाही तर पोलिसांनी जखमीला लेखी कळवावं असा आदेश द्यावा लागला. वाहन सापडलंय पण चूक कुणाची हे सिद्ध करायची ताकद नाही, तर मोटार वाहन कायद्याचं कलम १६४ आहे : मृत्यूला पाच लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख. उपचाराला पैसे नाहीत म्हणून कुणी रस्त्यावरून परत फिरू नये यासाठी मे २०२५ पासून ठरलेल्या दवाखान्यांत पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार आहेत.

अपघात इंडीजवळ झाला, आळंदजवळ झाला, तर लोक म्हणतात आता कर्नाटकात खेटे कोण घालणार. घालायची गरज नाही. जखमी जिथे राहतो तिथल्या न्यायाधिकरणात, म्हणजे सोलापुरातच, अर्ज चालतो. रोज दोन राज्यांत ये-जा करणाऱ्या आपल्या जिल्ह्यात ही एक ओळ बस स्टँडवर लावायच्या लायकीची आहे.

शेतात अपघात झाला, साप चावला, विजेचा धक्का बसला, तर शेतकरी कुटुंबाला गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेतून दोन लाखांपर्यंत सानुग्रह अनुदान मिळतं, ते तालुका कृषी अधिकाऱ्याकडे. तुटलेल्या तारेचा धक्का असेल तर वीज कंपनीची जबाबदारी चूक सिद्ध न करताही धरता येते, हा २००२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. रेल्वेतून पडलं तर रेल्वे दावा न्यायाधिकरण, मृत्यूला आठ लाख, मुदत एक वर्ष. तिकीट जपून ठेवायचं. दवाखान्याच्या हलगर्जीपणासाठी जिल्हा ग्राहक आयोग, दोन वर्षांत. आणि बँकेत दर वर्षी वीस रुपये कापले जातात तो अपघात विमा, दोन लाखांचा. पासबुकची झेरॉक्स काढताना ती वीस रुपयांची ओळ मी पुष्कळांना बोटाने दाखवली आहे. "हे कशाचे कापले म्हणून बँकेत भांडून आलो होतो," असं एकजण म्हणाला. त्याच्या बापाला जाऊन आठ महिने झाले होते.

खड्ड्यांबद्दल महापालिका आयुक्तांनाही दोन शब्द. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की खड्ड्यामुळे मृत्यू झाला तर सहा लाख, जखमेच्या मानाने पन्नास हजार ते अडीच लाख द्यायचे. दावे बघायला समिती, आणि तिच्यात महापालिका आयुक्त आणि विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव, म्हणजे तुम्ही दोघं. सोलापूरकराने हा अर्ज कुठल्या खिडकीवर द्यायचा, सोबत काय जोडायचं, हे एका कागदावर छापून द्या. छपाई मी करतो. रस्त्यावरचा खड्डा पाऊस संपला की बुजतो, म्हणून पडल्याच दिवशी खड्ड्याचा फोटो काढून ठेवा, हे त्यात पहिल्या ओळीत असू द्या.

आता मागणी.

सिव्हिलमध्ये, म्हणजे आपल्या छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, कॅज्युअल्टीच्या दाराशी एक टेबल टाका. मग हळूहळू बार्शी, पंढरपूर, अकलूज, जिथे जिथे अपघाताचे रुग्ण येतात तिथे. टेबलावर तुमचा विधी स्वयंसेवक बसवा. तुमच्याकडे ते आहेत, प्रशिक्षण दिलेले आहेत. मी शिबिरांत त्यांना भेटलोय. शिबिरं तुम्ही घेता, चांगली घेता, पण शिबिराला येतो तो धडधाकट माणूस. तो टाळ्या वाजवून घरी जातो आणि सहा महिन्यांनी ट्रॉली त्याला धडकते तेव्हा त्याला तुमचं एक वाक्यही आठवत नाही. सहा महिन्यांचं घड्याळ सुरू होतं ते कॅज्युअल्टीत, आणि त्यातले पहिले दोन-तीन महिने माणूस खाटेवर असतो.

स्वयंसेवकाने दावा चालवायचा नाही. त्याने चार गोष्टी सांगायच्या. एमएलसी झाली का ते बघ. एफआयआरची प्रत मोफत मिळते, घे. सगळी बिलं एका पाकिटात ठेव, मेडिकलची छोटी पावतीसुद्धा. आणि कोऱ्या कागदावर सही करू नको. मग तुमच्या कार्यालयाचा पत्ता आणि १५१०० हा मोफत कायदेशीर मदतीचा नंबर. बस. महिला, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, बाकीच्यांना वर्षाला तीन लाखांच्या आत उत्पन्न असेल तर, हे लोकांना सांगितलं की पहिल्यांदा ते विश्वासच ठेवत नाहीत. "फुकटचा वकील नीट लढतो का?" हा प्रश्न मला दर आठवड्याला येतो. त्याचं उत्तर तुम्हीच द्या, म्हणजे चांगले वकील त्या यादीत ठेवून.

टेबलाच्या मागे एक फलक लावा, मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दूत. पूर्व भागातली विडी वळणारी आजी तेलुगूत विचार करते, अक्कलकोटकडचा शेतकरी कन्नडमध्ये. आणि तो फॉर्म क्रमांक दोन मराठीत द्यायची विनंती पोलीस आयुक्त आणि अधीक्षक यांना आहे. नियमात जे आहे तेच, फक्त वाचता येईल असं.

लोकअदालतीबद्दल एक विनंती, जरा भीतभीतच करतो. तडजोड चांगली, वर्षं वाचतात, हे मान्य. पण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही, हे सही करण्याआधी जखमी माणसाला त्याच्या भाषेत कुणीतरी सांगितलं पाहिजे. आणि त्याच्या हिशेबाचा साधा कागद त्याच्या हातात पाहिजे : उत्पन्न एवढं, गुणक एवढा, टक्के एवढे. माझ्याकडे असा एक कागद आहे, रकाने आखून ठेवलेला. शिवणाऱ्या बाईंसाठी बनवला होता. न्यायाधीशांनी बघून चुका काढून दिल्या तर हव्या तेवढ्या प्रती काढून देतो. पांढऱ्या शर्टवाल्यांनाही लागल्या तर देईन, पैसे घेऊन.

टेबलाचं म्हणाल तर माझ्याकडे एक आहे. जुन्या लॅमिनेशन मशिनीखालचं, लोखंडी पायाचं, सनमायका एका कोपऱ्यात उचकटलेला. उचकटलेल्या जागी मी सेलोटेप लावून ठेवतो. दुकान रविवार सोडून सकाळी साडेनऊला उघडतं. माणूस आणि हातगाडी पाठवा, पायऱ्या उतरवायला भाऊ येईल.

आपला,
दवाखान्यासमोरचा झेरॉक्सवाला,
सोलापूर